केशरबाईचं चुलीचं नाटक

माळ्याच्या वाडीत वांग्याचं निंदण चाललं होतं आणि केशरबाई राजा झाली होती.

"ऐका हो ऐका! आजपासून या नगरात कोणाच्या घरी चूल पेटनार नाही! इस्तो म्हंजे दरबाराची मिळकत! ज्याले भाकर भाजाची असन त्यानं सांजच्याले वाड्यावर याव, राजाचे पाय धराव, अन् आपला इंगळ घेऊन जाव!"

"अन् पाय नाही धरले तं व?" पलीकडच्या ओळीतून गोजराबाईनं विचारलं.

"तं कनीक खावी. कच्ची."

"ज्याले दात नाही त्यानं?"

"आत्या, तू मधी नको बोलू. तुह्यासाठी राजा येगळा हुकूम काढनार हाय."

बाया हसल्या. सगळ्यांत जास्त गोजराबाई हसली, कारण त्या ओळीत दात तिलाच नव्हते. माळीण बांधावरून ओरडली, "हात चालवा व, तोंडं कायले चालवता?" खुरपी पुन्हा चालू लागली. राजा मात्र थांबला नाही, आवाज तेवढा खाली आला.

केशरबाईची नाटकं अशीच होत. वाशीम तालुक्यातल्या सावळदऱ्याच्या बौद्धवस्तीत दर जयंतीला एक नवं नाटक उभं राही आणि गॅसबत्तीच्या उजेडात पुकारा होई, "देवमन मास्तर लिखित!" देवमन हा केशरचा नवरा. तो मास्तर नव्हता. वाशीमच्या टेसनाकडे रेल्वेचा गँगमन होता. पण वस्तीत पेपर मोठ्यानं वाचून दाखवणारा तो एकटाच, म्हणून मास्तर. त्याचं नाटक लिहिलेलं कोणी कधी पाहिलं नव्हतं. ते लिहिलेलं नव्हतंच. ते वांग्याच्या, मिरचीच्या, कांद्याच्या ओळींतून बोललं जाई. बायांना पाठ होई. बायांकडून त्यांच्या नवऱ्यांना, भावांना पाठ होई आणि शेवटी दोन बैलगाड्या जोडून केलेल्या स्टेजवर चढे. केशरला सहीसुद्धा येत नव्हती. नाव कोणाचं घेतात याचं तिला फारसं काही वाटतही नसे. निदान या वर्षापर्यंत वाटलं नव्हतं.

या वर्षीचं नाटक तिच्या डोक्यात कुठून आलं हे तिला नीट ठाऊक होतं. ती परकर नेसायची त्या वयात माय तिला गावातल्या मोठ्या आळीत विस्तव मागायला पाठवी. काडीपेटी होती, पण काडी जपून वापरायची. केशर खापर घेऊन अंगणाबाहेर उभी राही आणि हाक मारी, "इस्तो हाय का व घरात?" विस्तव नाही म्हणायची रीत नव्हती. पण तो हातात देत नसत. घरातली बाई चिमट्यानं इंगळ आणी आणि भुईवर टाके. मग तो मातीतून उचलून, फुंकर घालत, विझायच्या आत घर गाठायचं. छप्पन साली नागपूरहून बाप दीक्षा घेऊन आला त्या दिवसापासून माय म्हणाली, "आता जाजो नको." रात्री चुलीतला निखारा राखेत पुरून ठेवायला ती तेव्हाच शिकली. सकाळी राख बाजूला सारायची, आत लाल डोळा उघडा दिसायचा.

तो डोळा केशर विसरली नाही.

देवमनला मात्र नाटक ऐकताच घाम फुटला. शहात्तर साल होतं ते. आणीबाणी लागली होती. नसबंदीची मोटार आली की गडी माणसं कपाशीच्या पराट्यांत लपत होती.

"राजा बदल," तो जेवता जेवता म्हणाला.

"काय करू त्याचं? सावकार?"

"राक्षस कर. राक्षसाले कोनी काही इचारत नाही."

"राक्षस आला तं लोकं पळतात. राजा बोलला तं लोकं स्वताच्या हातानं चुलीत पानी टाकतात. तेच तं दाखवाचं हाय मले."

देवमननं घास खाली ठेवला. "केशर, चौऱ्याहत्तरचा संप इसरली का तू?"

ती कशी विसरेल? संपात देवमन घरी बसला, मग कामावरून काढला. पुन्हा घेतला तेव्हा साहेबानं त्याला बजावलं होतं, आता तुझ्याविरुद्ध एक कागद आला तर घरी. त्या मधल्या दिवसांत घर केशरच्या खुरप्यावर चाललं होतं.

"परवानगीच्या अर्जावर माह्यं नाव हाय," तो म्हणाला. "नाटकात काही निघालं तं मलेच बोलावतीन."

"मंग माह्यं टाका नाव."

"तुह्यं टाकलं तं परवानगी भेटन का?"

याचं उत्तर दोघांनाही माहीत होतं. केशरनं त्याच्या ताटात आणखी थोडं पिठलं वाढलं आणि म्हणाली, "राजाले नाव देत नाही. मुकुट देत नाही. पोतं पांघरवते. पण इस्तो राह्यन. इस्तो काढला तं नाटकात काही उरत नाही, तुमीच सांगा."

तो ताटातलं पिठलं खाऊ लागला, आणि तिनं तोच होकार धरला.

नाटकाच्या शेवटासाठी तिनं एक गोष्ट ठरवली होती. हापशावर तिनं सगळ्या बायांना गोळा केलं. "जयंतीच्या सांजी कोनीच चूल पेटवाची नाही. आपापलं खापर घेऊन नाटकाले बसाचं. शेवटी स्टेजवरचा इस्तो घेऊन घरी जाचं अन् त्याच्यावर चूल पेटवाची."

"अन् पोट्टे?" गोजराबाई म्हणाली. "ते काय तुहे बोल खातीन?"

"दुपारची बुंदी हाय. सकाळच्या भाकरी ठेवजा."

"माय व! आपन नाटकात काम करून राह्यलो म्हन ना मंग!"

"होय आत्या. तुले तं बोलसुदा हाय. पन तो मी तुले एकटीलेच सांगीन."

गोजराबाईनं पदर सारखा केला. त्या दिवसापासून ती सुनेशी भांडतानाही नाटकी आवाजात भांडू लागली.

आता इथंच चूक झाली, आणि ती चूक नाटक करणाऱ्यांपैकी कोणाच्याच ध्यानात आली नाही. गावाच्या वरच्या अंगाला पोलीस पाटील पंजाबरावांचं घर. ते रोज सांजेला ओट्यावर बसत. वस्ती खाली, उताराला. दिवस मावळताना तिकडून धूर उठे आणि पाटलांना न सांगता कळे की खाली सगळं ठीक आहे. जयंतीच्या दिवशी त्यांनी पाहिलं तर एकाही छपरावर धूर नाही. म्हणजे निषेधाचा उपास, चूलबंद! आणि तीही आणीबाणीत! पाटील घाबरट माणूस. त्यांनी चपला घातल्या आणि बंदोबस्तासाठी चावडीवर येऊन बसलेल्या हवालदाराकडे धावत गेले. हे सगळं केशरला मागाहून कळलं.

त्या वेळी ती म्हातारी होऊन पडद्यामागे उभी होती. अंगावर फाटकं लुगडं, तोंडाला राख. बाईनं स्टेजवर चढायची वस्तीतली ही पहिलीच वेळ होती. समोर चंपत राजा झाला होता. अंगावर पोतं आणि मिशी कोळशाची.

"आमच्या राज्यात कोनीच उपाशी नाही!" चंपत गरजला. "जो उपाशी हाय, तो आमच्या राज्यातच नाही!"

हशा झाला. मग नाकाड्या कोतवाल आला, घरोघर धूर हुंगत फिरला. त्यानं पहिल्या बाकावरच्या म्हाताऱ्याची बिडीसुद्धा जप्त केली, तेव्हा माणसं लोळायची बाकी राहिली. पण पुढे हसू आपोआप कमी होत गेलं. नगरातली पोरं विचारू लागली, मा, गरम भाकर कशी असते? माय म्हणाली, हळू बोल, अशी काही भाकर नसते. समोर बसलेल्या बायांच्या मांडीवर रिकामी खापरं होती आणि घरी चुली थंड होत्या. अंधार पडत होता. केशरनं पडद्याच्या फटीतून पाहिलं. कोणीच कोणाकडे बघत नव्हतं.

ती बाहेर आली. स्टेजच्या कडेला घमेल्यात राखेखाली खरा विस्तव ठेवला होता, पण तो शेवटासाठी. म्हातारी दारोदार फिरू लागली.

"इस्तो हाय का व घरात?"

"नाही माय," पहिलं दार म्हणालं.

"इस्तो हाय का व?"

"आमच्या घरी कुठला? आमी दरबाराचे लोकं."

प्रत्येक घरात निखारा पुरलेला होता आणि प्रत्येक बाई भीतीनं नाही म्हणत होती. शेवटचं दार उरलं. केशरनं खापर पुढे केलं, श्वास घेतला.

"बंद करा!"

हवालदार गोविंदसिंग स्टेजपाशी उभा होता. मागं दम लागलेले पाटील.

"चूलबंद कोनाच्या हुकमानं केली?"

देवमन गर्दीतून हात जोडत पुढं आला. "चूलबंद नाही जी. नाटक हाय."

"नाटकाले वस्तीभरच्या चुली बंद ठेवा लागतात का?"

"हुकूम तं म्या काढला, सायब!" चंपतनं वेळ मारून न्यायला विनोद केला. "राजा म्याच हावो!"

कोणी हसलं नाही. चंपतनं हळूच कोळशाची मिशी पुसली.

"देवमन कोन? अर्ज तुह्याच नावाचा ना? हे लिहिलं कोनं?"

देवमननं केशरकडे पाहिलं. तिनं तोंड उघडलं, पण तो आधीच बोलून गेला होता. "म्याच जी."

"त्या घमेल्यात काय हाय?"

"इस्तो."

"टाक पानी."

बादली कोणीतरी आणून दिली. देवमननं दोन्ही हातांनी ती उचलली आणि घमेल्यात ओतली. फस्स करून राख उडाली, वाफ केशरच्या पायांपर्यंत आली. लोकं स्वताच्या हातानं पानी टाकतात. तिला आपलंच वाक्य आठवलं.

"सकाळी ठाण्यात ये," हवालदार देवमनला म्हणाला. "अन् बायाहो, चुली पेटवा. अर्ध्या तासात धूर दिसला पाह्यजे."

पाटील आणि हवालदार निघून गेले. केशर तोंडावरची राख न पुसता बायांमागे धावली. "पेटवा व. काडी लावा. पोट्टे उपाशी हाय."

काही जणी गुमान उठल्या. गोजराबाई खापर मांडीवर धरून बसून राहिली.

"नाटक संपलं का व?"

"संपवलं नाही का त्यायनं?"

"मी नाटकाचं इचारून राह्यली. म्हातारी तं त्या दरवाज्यावर उभीच हाय अजून. माहा बोल कुठं झाला?"

"आत्या, हात जोडतो. तुह्या चुलीतून धूर नाही निघाला तं यायले सकाळी आनखी दोन कलमं लावतीन."

"तूच सांगतलं होतं, काडी लावाची नाही म्हून."

"आता मीच सांगून राह्यली ना, लाव म्हून!"

गोजराबाईनं तिच्याकडे असं पाहिलं, जसं कोतवालाकडे पाहावं. मग घरात गेली. तिच्या छपरावर त्या सांजेला धूर आला नाही. आणखी पाच-सहा छपरांवरही आला नाही. केशरनं स्वतःची चूल पेटवली, ओल्या पराट्या घालून मुद्दाम जास्त धूर केला, आणि त्या धुरात बसून भाकरी थापल्या. देवमन जेवला नाही.

सकाळी तो ठाण्यात निघाला तशी तीही निघाली.

"तू कायले?"

"चला."

ठाणं म्हणजे कौलारू तीन खोल्या, मागं भिंतीला लागून शिपायांची घरं. फौजदार नवाच, पुण्याकडचा, कपाळावर आठी. समोर देवमन उभा. कोपऱ्यात गोविंदसिंग.

"रेल्वेत आहेस. संपात होतास. आणि आता नाटकं लिहितोस. काय म्हणायचं आहे तुला? राजा कोण? विस्तव म्हणजे काय?"

"विस्तव म्हंजे... विस्तव, सायब."

"मला शिकवू नकोस. तुझ्या खात्याला एक कागद पाठवला की झालं."

दारातून केशर म्हणाली, "सायब, नाटक याहिचं नाही. माह्यं हाय."

फौजदारानं तिच्याकडे पाहिलं. पदर, खडबडीत हात, नखांतली माती. "लिहिता येतं?"

"नाही."

"मग?"

"बोलता येते."

"नवऱ्याला वाचवायला सगळ्याच बोलतात. घेऊन जा रे हिला बाहेर."

"तुमी इचारा त्याहिले!" केशरचा आवाज चढला. "राजाचा दुसरा हुकूम काय हाय, इचारा! मायनं पोराले काय उत्तर देल्लं, इचारा! याहिले एक बोल धड येत नाही. इचारा ना!"

फौजदारानं देवमनकडे भुवई उडवली. देवमन गप्प राहिला तर ती अडकणार, बोलला तर तो खोटा पडणार. "राजा... राजा म्हणते का..." एवढं म्हणून तो थांबला.

"बरं," फौजदार खुर्चीत मागं रेलला. त्याला गंमत वाटू लागली होती. "तू म्हण. सगळं."

केशर खोलीच्या मधोमध आली. सुरुवातीला राजा नीट उमटला नाही. मग कोतवाल आला, तो हुंगत हुंगत टेबलापर्यंत गेला, आणि फौजदाराच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. केशरनं ते पाहिलं. त्यानंतर तिला ठाणं दिसेनासं झालं. ती पोर झाली, माय झाली. 'हळू बोल, अशी भाकर नसते' हे तिनं इतकं हळू म्हटलं की गोविंदसिंगनं मान पुढे केली. फौजदाराच्या ओठावरचं हसू गेलं होतं. मग ती म्हातारी झाली, कमरेत वाकली, आणि दार नं दार नाही म्हणत गेलं. स्टेजवर जिथं नाटक तुटलं होतं, तिथं ती आली. शेवटचं दार. काल आत अडकून राहिलेला श्वास आज बाहेर आला. पोरवयात ती मोठ्या आळीच्या अंगणाबाहेरून मारायची तशी तिनं पोटातून हाक मारली.

"इस्तो हाय का व घरात?"

भिंतीपलीकडून, शिपायांच्या घरांतून, बाईचा खणखणीत आवाज आला.

"हाय व बाई! खापर आन, देतो!"

हाक कोणाची, कुठल्या घरची, हे त्या बाईनं विचारलं नव्हतं. सकाळची वेळ, दारात कोणी विस्तव मागतंय, आणि विस्तव नाही म्हणायचं नसतं, एवढंच तिला ठाऊक.

"कोण बोललं ते?" फौजदार उठला.

गोविंदसिंगचा चेहरा पांढरा पडला. काल स्टेजपाशी ओरडणारा हाच का तो माणूस, असं केशरला वाटलं. "सायब... आमची लिलाबाई. घरची. तिले काही माहीत नाही सायब, तिले वाटलं असन कोनी शेजारीन—"

"तुमच्या बायकोला नाटक पाठ आहे, हवालदार?"

"नाही जी! तिनं आइकलंच नाही—"

"ठाण्याच्या मागच्या घरातून उत्तर येतं. आणि म्हणे ऐकलंच नाही!"

गोविंदसिंगनं हात जोडले, काल देवमननं जोडले होते अगदी तसेच. केशर कमरेत वाकलेलीच होती. ती सरळ झाली.

"सायब, तो नाटकातलाच बोल हाय."

"काय?"

"शेवटच्या दरवाज्यातून उत्तर येते. 'हाय व बाई, खापर आन.' तो बोल माहाच हाय. काल वस्तीतली एक म्हातारी बोलनार होती. लोकायमधी बसून. स्टेजवरून नाही." तिला धाप लागली होती. "कोन बोलन ते माह्या हातात नसते. पन बोल माहा हाय. ज्याचं नाव लिहाचं ते माह्यं लिहा."

फौजदार पुन्हा खुर्चीत बसला. रागावला होता की आणखी काही, हे तिला समजेना.

"याला सोडा," शेवटी तो म्हणाला. "खात्याला काही पाठवायचं नाही. हिला बसवून ठेवा. हिचं काय करायचं ते मी बघतो."

व्हरांड्यात देवमन तिच्यापाशी घुटमळला. "मी जात नाही."

"ड्युटी हाय ना?"

"असू दे ड्युटी."

"तं मंग म्या हे सगळं कायले केलं?" ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की तो दचकून पायरी उतरला. फाटकाजवळ जाऊन उभा राहिला. पुन्हा वळून पाहिलं. तिनं हातानं 'जा, जा' केलं, आणि तो गेल्यावर ती भिंतीला टेकून खाली बसली.

ऊन व्हरांड्यात शिरलं. गोविंदसिंग पाण्याचा तांब्या घेऊन आला. तिच्यासमोर ठेवला. लगेच गेला नाही. दुसरीकडे बघत, ओठ न हलवता म्हणाला, "घरची इचारून राह्यली..."

"काय?"

"म्हनते, इस्तो भेटल्यावर मंग म्हातारीनं काय केलं?"

केशरनं तांब्या उचलला. फौजदाराच्या खोलीचं दार उघडंच होतं आणि आत खुर्ची करकरली नव्हती. आतला माणूसही हालचाल न करता ऐकत बसून होता. तिनं पाणी प्यायलं, सगळं प्यायलं, आणि आतल्या माणसाच्या कानावर शेवट पडू नये म्हणून रिकामा तांब्या नुसता गोविंदसिंगच्या हातात दिला.